संदर्भ क्रमांक सात

तांदळाच्या चार भाकऱ्या, जवळ्याची चटणी, एक कांदा. डबा स्टीलचा, दोन खणांचा.

*

पितळी ढाल. मधोमध अक्षरं: प्रथम क्रमांक, १९८३. खाली विजेत्याच्या नावाची पट्टी. पट्टी कोरी.

*

पुनवेला बाराची भरती. खाडीकाठच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा.

*

'दर्जा: कच्चा होता, आता उत्तम. संदर्भ ७, स्मरणिका १९८३, हातात घेतला. मजकूर बरोबर आहे. माझं काम संपलं. आता मी थांबते. – क्रांती.' रविवार, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं.

*

सांस्कृतिक समितीची बैठक, तळा. रविवार, दुपारी तीन ते रात्री आठ. अध्यक्षस्थानी विनेश कासारे. उपस्थिती बासष्ट.

*

मनुबाईला सोमवारी सकाळी तिवरांच्या झुडपांमध्ये आधी ओढणी दिसली.

*

"ती एकच भाकरी खायाची," पुतळाबाई गमरे म्हणाल्या. "चार नेल्या. मरायला निघालेलं माणूस दुसऱ्यासाठी डबा नेतं का, बाय? तू सांग."

अलिबागच्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत पंखा बंद होता, तरी पुतळाबाईंनी पदर घट्ट धरला होता. दिघीजवळच्या खारवाडीहून तरीने खाडी ओलांडून आणि मग एसटीने त्या एकट्या आल्या होत्या. लेक जाऊन पाचवा दिवस.

टेबलामागे प्रांजली टेमकर बसली होती. दहा वर्षं तिने विमा कंपन्यांसाठी खोटे दावे शोधले; आता खाजगी तपास करायची. शेजारच्या खुर्चीत अनंता पडवळ, निवृत्त हवालदार. गाडी तो चालवायचा आणि डायरी तो लिहायचा. जे ऐकेल ते सगळं लिहायचं, अर्थ नंतर कुणीतरी लावेल, ही त्याची चौतीस वर्षांची नोकरी होती.

"पोलीस काय म्हणतात?" प्रांजलीने विचारलं.

"आत्महत्या. नवऱ्यापासून येगळी राहायची, म्हणून. आणि संध्याकाळी तिनं त्या कोशावर निरोप लिवला, म्हणून."

कोश म्हणजे जनकोश. इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश, कुणीही बिनपगारी लिहावा असा. क्रांती गमरे त्यात लिहीत नसे. ती तपासायची. वय अडतीस, शाळेत मराठी शिकवायची, आणि संध्याकाळी संगीत स्पर्धांवरचे लेख घेऊन बसायची. गावोगावच्या भजनाच्या, शाहिरीच्या, भीमगीतांच्या स्पर्धा. कोण जिंकलं, कधी, पुरावा काय. प्रत्येक लेखाला दर्जा: कच्चा, मध्यम किंवा उत्तम. आणि प्रत्येक पुराव्यापुढे तिचे ठरलेले दोन शेरे: 'हातात घेतला' किंवा 'पाहिला नाही'.

"मी म्हणायची, शाळेतल्या वह्या कमी पडतात का गं, जगाच्या वह्या तपासाय घेतल्यास," पुतळाबाई म्हणाल्या. क्षणभर हसल्याही. मग ते हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

"रविवारी कुणाला भेटायला गेली होती?"

"नाव न्हाय सांगितलं. एका माणसाला जड गोष्ट सांगायची हाय, म्हणाली. उपाशी पोटी सांगू नये, म्हणून डबा. दुपारच्याला धक्क्यावर गेली. पौर्णिमा व्हती, मी विहारात. सांजच्याला आले तर घर बंद."

"फोन?"

"मिळाला न्हाय. पाण्यात गेला म्हणतात. त्याला कुलूपबी नव्हतं, शाळेतल्या पोरी हिशेबाला घ्यायच्या. पिशवी मिळाली धक्क्यावर. पण त्यातलं पिवळं पुस्तक न्हाय. माझ्या आयशीच्या ट्रंकेत व्हतं. गेल्या महिन्यात क्रांतीनं काढलं."

"तुमच्या आई...?"

"भागुबाई. बारा वर्सं झाली जाऊन. लय गायची."

पुतळाबाईंनी एक फाईल पुढे केली. आत जनकोशातल्या लेखाची छापील प्रत: 'खारवाडी भीमगीत गायन स्पर्धा'. कोपऱ्यात तारीख शुक्रवारची. मागे जोडलेल्या पानावर, लेखावरच्या चर्चेत, एका जुन्या परीक्षकाने लेखाला 'कच्चा' ठरवताना लिहिलेले शेरे. अनंताने शेवटचं पान मोजून डायरीत टिपलं: शुक्रवार. ११ संदर्भ. सातवा – स्मरणिका, १९८३.

"आणखी काय हवंय तुम्हाला, पुतळाबाई?" प्रांजलीने हळूच विचारलं. "मारणारा सापडला तरी क्रांती येणार नाही."

"ते कळतंय मला. पण शाळेतल्या पोरींना सांगितलंय, मॅडमनी जीव दिला. पोरी माझ्याकडं बघत न्हायत, रस्ता बदलतात. जन्मभर पुराव्याशिवाय एक ओळ तिनं जाऊ दिली न्हाय. तिनं जे केलं न्हाय, ते तिच्या नावावर नको."

*

आगरदांड्याहून गाडी तरीवर चढली तेव्हा ऊन खाडीवर पसरलं होतं. प्रांजली कठड्याला टेकून फोनवर बोलत होती. पलीकडे साक्षी होती, नागोठण्याची. तीही जनकोशावर लेख तपासायची. अनंताला एकच बाजू ऐकू येत होती.

"शुक्रवारी रात्री फोटो पाठवला? ... स्मरणिकेच्या पानाचा? ... बरं. आणि रविवारपर्यंत थांब असं का म्हणाली?" "तो फोटो मला पाठव. आणि कुणालाही सांगू नकोस."

"काय फोटो, मॅडम?"

"एका बाईचा," प्रांजली म्हणाली. "आणि तिच्यामागे बसलेल्या एका माणसाचा."

खारवाडीचा जुना धक्का म्हणजे काळ्या दगडाच्या बारा पायऱ्या. मनुबाई तिथेच चिखलात वाकून खुबे-शिंपले काढत होती. हिनेच प्रेत पाहिलं होतं.

"पोलिसांनी विचारलं, कधी दिसली. सोमवारी, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं, गेले," ती चिखलाचे हात झटकत म्हणाली.

"रविवारी कुठे होतात?"

"हितंच. पुनवेची मोठी ओहोटी, घरी कोण बसंल? चारला आले, अंधार पडला तवा गेले. पाणी पार तिकडं," तिने बोट दाखवलं, दोनशे पावलांवर. "धक्क्याखाली गुडघाभर चिखल. क्रांतीचा डबा पायरीवर व्हता. उघडा, रिकामा. वाटलं, इसरली. घेऊन गेले, पुतळाला दिला."

"चारला डबा होता. क्रांती नव्हती?"

"कुत्रंबी नव्हतं, बाय."

अनंताने लिहून घेतलं. मग खालच्या कोरड्या पायऱ्यांकडे बघून म्हणाला, "इथून संध्याकाळी उडी मारली असती तर पाय मोडला असता. बुडली नसती."

"वा, अनंताभाऊ."

"पण रात्री बाराला परत भरती आली असेल ना, मॅडम. तोपर्यंत बसली असेल कुठेतरी."

प्रांजलीने निःश्वास सोडला. "येता येता परत गेलात."

*

दिघीला बंदराच्या फाटकाशी निकेश भेटला. क्रांतीचा नवरा; दोन वर्षं वेगळा. कंत्राटदाराकडे फाटकावर ड्यूटी.

"माझी शिफ्ट दोन ते दहा. रजिस्टर चेक करा," त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "पाच वीसला तिने मेसेज टाकला ना? तेव्हा मी इथेच. बास?"

"आणि दोनच्या आधी?"

"झोपलो होतो. एकटा. का, दोनच्या आधी ती जिवंत होती ना?"

"भांडण कशाचं होतं तुमचं?"

"मॅडम, माझा भाऊ वारला तेव्हा मी पेपरात छापायला दोन ओळी लिहिल्या. थोर समाजसेवक, असं. ती म्हणाली, समाजसेवा कुठली केली ते सांग, मग लिही. भाऊ मेलाय माझा, आणि हिला प्रूफ पाहिजे!" त्याचा आवाज चिरकला. "खरं बोलायची. पण कधी बोलायचं ते कळायचं नाही तिला."

गाडीत बसल्यावर अनंता म्हणाला, "दोनच्या आधीचं विचारल्यावर चेहरा पडला याचा."

"पडला. पण जड गोष्ट उपाशी पोटी सांगू नये, हे ती याच माणसाशी भांडून शिकली."

*

तळ्यात कुलदीप मांडवकरचं संगणकाचं दुकान होतं: सातबारा, आधार, झेरॉक्स. जनकोशातला खारवाडीच्या स्पर्धेचा लेख त्याने लिहिलेला. पंचविशीतला, बोलताना खुर्चीत फिरणारा.

"तीन वर्षं 'कच्चा'! तीन वर्षं!" तो म्हणाला. "क्रांतीताईंच्या हातापाया पडलो, एकदा बघा. म्हणायच्या, हा लेख मला जमणार नाही, दुसरा परीक्षक शोध. आख्ख्या रायगडातल्या स्पर्धा बघणार, आणि आपल्याच गावची नाही! राग यायचा हो. खोटं कशाला बोलू. आणि रविवारी एकदम 'उत्तम'. मी पेढे आणले. सोमवारी कळलं..." तो फिरायचा थांबला. "ते पेढे अजून फ्रीजमध्ये आहेत."

"रविवारी दिवसभर कुठे होतास?"

"इथेच. दुकान बंद, आत काम करत होतो. कुणी बघितलं नाही."

"लेखाला संदर्भ किती आहेत?"

"तेरा!" त्याला विचारलं याचाच आनंद झाला. "गुरुवारपर्यंत आठच होते. गुरुवारी रात्री तीन टाकले, शनिवारी रात्री आणखी दोन. अगदी वर, पहिल्याच परिच्छेदात."

"स्पर्धेच्या समितीच्या विनेश कासाऱ्यांना सांगितलंस?"

"त्यांना? महिनाभर बोलणं नाही आमचं. स्पर्धेच्या पोस्टरवर माझं नाव टाकलं नाही त्यांनी."

"शुक्रवारी क्रांती छापायला आली होती?"

"हो. दोन प्रती काढल्या. एक स्वतःला, एक म्हणाल्या, जो फोनवर वाचत नाही त्याला."

"आता सातवा संदर्भ दाखव."

पडद्यावर सातव्या क्रमांकाला वर्तमानपत्राचं कात्रण आलं: मंडपाला लागलेली आग, २००४. अनंताने चष्मा वर सरकवला.

"म्हणजे बाईंनी आकडा चुकवला," तो बाहेर आल्यावर म्हणाला. "स्मरणिकेला सात लिहिलं. जीव द्यायला निघालेलं माणूस आकडे कशाला बघेल?"

"क्रांती गमरे?" प्रांजली म्हणाली. "ती बघेल."

*

विनेश कासारेचं घर तळ्यातच, किल्ल्याच्या वाटेवर. स्पर्धेच्या समितीचा तो अध्यक्ष. भिंतीवर तथागताची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्या खाली हात-दीड हात रुंदीची पितळी ढाल, घासून लखलखीत केलेली. खुर्चीत त्याचे वडील गुणाजी, चौऱ्यांशी वर्षांचे. डोळे मिटलेले, पण बोटं खुर्चीच्या हातावर चालू होती. उजवीकडे लहान थाप, डावीकडे जड.

"जय भीम, या बसा," विनेश म्हणाला. "क्रांती म्हणजे बहिणीसारखी हो. आमचं दोन पिढ्यांचं. तिची आजी आणि बाबा एकाच गावचे. बैठकीत होतो मी, तीन ते आठ. फोनवर कुणीतरी दाखवलं, लेखाला 'उत्तम' मिळाला. टाळ्या वाजवल्या आम्ही. आणि तिकडे ती..." त्याने डोळे टिपले.

"तुम्ही वाचला लेख?"

"छे. ते इंटरनेटवरचं मला जमत नाही. पण मेहनत दिसते ना पोराची. अकरा संदर्भ दिलेत, अकरा! आणि तरी शिक्का 'कच्चा'चा. आता चौदा एप्रिलला समाजमंदिराच्या सभागृहाला बाबांचं नाव देतोय. त्र्याऐंशी सालची ढाल त्यांची. खारवाडीला आलेली पहिली ढाल."

प्रांजली उठून ढालीपाशी गेली. "नाव कोरलेलं नाही."

"राहून गेलं असेल. तेव्हा कोण एवढं बघायचं."

ती गुणाजींजवळ वाकली. "बाबा, तुम्ही गायचात की वाजवायचात?"

बोटं थांबली. म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"गायचे," विनेश म्हणाला. "ऐकू कमी येतं त्यांना."

*

दोन दिवसांनी सकाळी अकराला त्याच खोलीत माणसं जमली होती. निकेश दाराशी उभा. कुलदीप स्टुलावर. पुतळाबाई खाली सतरंजीवर, पुढचा पाण्याचा पेला तसाच. पोलीस उपनिरीक्षक हातात कागद घेऊन खिडकीपाशी. त्याला इथे आणायला प्रांजलीला रात्रभर फोन करावे लागले होते. विनेशने चहा मांडला होता. कुणी घेतला नाही.

"मला तीनच गोष्टी सांगायच्या आहेत," प्रांजली म्हणाली. "पहिली, क्रांती संध्याकाळी पाच वीसला जिवंत नव्हती."

उपनिरीक्षकाने कागदाची घडी केली.

"पुनवेला बाराची भरती. दुपारी पाणी पायऱ्यांना होतं. चारला मनुबाई आली तेव्हा चिखल होता, आणि डबा रिकामा, मालकिणीविना पडला होता. क्रांती वस्तू टाकून जाणारी नव्हती. दुपारी ती पाण्यात गेली, ओहोटीने बाहेर नेली, मध्यरात्रीच्या भरतीने परत आणून तिवरांत अडकवली. रात्री उडी मारली असती तर चार वाजता ती डब्याजवळ असती. चार भाकऱ्या संपल्या होत्या. म्हणजे जेवायला दुसरं माणूस होतं, आणि त्या माणसाने कुणालाही सांगितलं नाही की मी तिथे होतो."

"मग मेसेज?" निकेशने विचारलं. "पाच वीसचा?"

"ती दुसरी गोष्ट. तो क्रांतीने लिहिला नाही. फोनला कुलूप नव्हतं. ज्याने फोन नेला त्याने लिहिला. फोन पाण्यात गेलाच नव्हता. लिहिणाऱ्याला वाटलं, 'उत्तम' दिलं की लेखही पक्का आणि आपणही सुटलो. पण त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. क्रांती या लेखाला दर्जा देऊच शकत नव्हती. कुलदीप, तीन वर्षं ती काय म्हणत होती?"

"जमणार नाही, दुसरा शोध."

"का, ते तिने कधी सांगितलं नाही. परीक्षकांची रीत आहे: आपलं माणूस ज्या लेखात असेल त्याला हात लावायचा नाही. या लेखात तिची आजी होती."

"आजी?" कुलदीप म्हणाला. "भागुबाईंचं नाव कुठेच नाही लेखात. त्र्याऐंशीचे विजेते म्हणून गुणाजीबाबांचं आहे."

"नाही. असायला हवं होतं."

पुतळाबाईंनी मान वर केली.

"तिसरी गोष्ट. दोन दिवसांपूर्वी मला सगळ्यांचाच संशय होता. मृत्यू दुपारचा म्हटल्यावर निकेशची शिफ्ट उपयोगाची नाही, कुलदीपचं बंद दुकान नाही, कुणाची बैठक नाही. पण लिहिणाऱ्याने एक आकडा टाकला. संदर्भ सात, स्मरणिका. आज सातवर मंडपाची आग आहे. स्मरणिका नऊवर आहे. का?"

कुलदीप उठून उभा राहिला. "मी शनिवारी वर दोन टाकले! कोशात आकडे आपोआप सरकतात. वर दोन आले की खालचे सगळे दोनने पुढे."

"म्हणून तू सुटलास. ज्याने स्वतःच्या हाताने आकडे सरकवले तो जुना आकडा लिहिणार नाही. सात आकडा शुक्रवारच्या छापील कागदावर होता. शेरा कसा लिहायचा तेही त्याच कागदाच्या मागे होतं, जुन्या परीक्षकाचं. 'हातात घेतला' मात्र क्रांतीच्या बोलण्यातलं. लिहिणाऱ्याने कागद समोर ठेवला आणि उतरवून काढलं. पडद्यावर खाली जाऊन बघितलंच नाही. वाचायची सवय नव्हती. अशा दोन प्रती होत्या. एक फाईलमध्ये आहे. दुसरी, जो फोनवर वाचत नाही त्याला."

खोलीत फक्त गुणाजींची बोटं वाजत होती.

"अनंताभाऊ, डायरी. परवा विनेशभाऊ काय म्हणाले? संदर्भ किती?"

अनंताने पान उलटलं. दोन्ही आकडे त्यानेच लिहिले होते, एकाच दिवशी, एकाच पानावर. "कुलदीप: तेरा," तो म्हणाला. "विनेश कासारे: अकरा."

"गुरुवारपर्यंत आठ. शनिवारी रात्रीनंतर तेरा. अकरा हा आकडा जगात दोनच दिवस होता, विनेशभाऊ. लेख तुम्ही वाचत नाही. कुलदीपशी महिनाभर बोलणं नाही. तुम्हाला अकरा कुठून कळले?"

"कुणीतरी... बैठकीत..."

"बैठक रविवारी होती. तेव्हा तेरा होते."

उपनिरीक्षकाने घडी उलगडली. "क्रांती गमरेंचा फोन रविवारी दुपारी बाराच्या सुमारास दिघीच्या बाजूला शेवटचा लागला. मग बंद. पाच सतरा ते पाच तेवीस चालू. तळ्याच्या टॉवरखाली." तो पुतळाबाईंकडे न बघता म्हणाला, "हे आम्ही आधी मागवायला हवं होतं."

विनेश खाली बसला.

"चहाच्या वेळी मागच्या खोलीत गेलो," तो म्हणाला. "सहा मिनिटं लागली."

"आणि धक्क्यावर?"

"तिने वाढलं. जेवलो. मग ते पिवळं पुस्तक काढलं, स्मरणिका. म्हणाली, दादा, ढाल बाबांची नाही, आजीची आहे. लेखात मी लिहिणार नाही, ते माझं काम नाही, दुसरी परीक्षक लिहील. पण बाबांना तू आधी सांग, बाहेरून कळायला नको." त्याने तोंडावर हात फिरवला. "मी पुस्तक ओढलं. तिने सोडलं नाही. पायरीला शेवाळ होतं. डोकं आपटलं तिचं. पाणी वरपर्यंत होतं... तिने हात वर केला होता."

"आणि तुम्ही?"

"दोन महिन्यांवर कार्यक्रम होता," विनेश म्हणाला.

निकेश येऊन पुतळाबाईंशेजारी जमिनीवर बसला.

"पुस्तक जाळलंत?" प्रांजलीने विचारलं.

"हो."

"काही उपयोग झाला नाही. पानाचा फोटो शुक्रवारीच साक्षीकडे गेला होता. जिने या लेखाला हात लावणार नाही म्हणून शपथ घेतली होती, नेमकी तीच तुम्ही मारलीत."

तिने फोन गुणाजींच्या डोळ्यांसमोर धरला. पिवळट पान, काळपट फोटो: माईकसमोर एक बाई, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, मागे मांडी घालून तरणाबांड गडी, पुढ्यात ढोलकी.

म्हाताऱ्याची बोटं थांबली.

"भागू," ते म्हणाले. मग मोठ्याने, बहिऱ्या माणसाच्या आवाजात: "भागू गायली. मी ढोलकीवर व्हतो. लोक माझं नाव घेत गेले, मी ऐकत गेलो. तू मला इचारलं का न्हायस रं, इनेश? मी सांगितलं असतं."

विनेशला जीपमध्ये बसवलं तेव्हा अनंता दाराशी उभा होता. चौतीस वर्षांत त्याने खूप माणसं जीपमध्ये बसवली होती. डायरीत काय लिहावं ते आज प्रथमच सुचत नव्हतं.

आत पुतळाबाई उपनिरीक्षकासमोर उभ्या राहिल्या. "तो शब्द काढा."

"प्रक्रिया असते, मावशी. अहवाल बदलेल..."

"आत्ता. माझ्यासमोर लिवा. मंग ते शाळेत लावा, पोरींना दिसंल असं."

त्याने पेन काढलं. त्या वाचू शकत नव्हत्या. त्याचा हात थांबेपर्यंत कागदाकडे बघत राहिल्या, आणि मग अनंताकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही वाचून दावा. बरोबर लिवलंय का ते."

अनंताने चष्मा लावला आणि शब्दन् शब्द वाचून दाखवला.

*

१९८३ साली भागुबाईंच्या घराच्या भिंती कुडाच्या होत्या. चार किलोच्या ढालीचा खिळा कुडात ठरेना, म्हणून ती गुणाजींच्या पक्क्या भिंतीवर टांगली.